ज्ञानोपासक पाव्हलॉव्ह

चिंचेचा आकडा दृष्टीस पडला, की तोंडाला पाणी सुटते. त्यासाठी चिंच जिभेवर ठेवावी लागत नाही. तिचे नुसते नाव काढले तरी पुरते. मात्र ज्याने जन्मात कधी चिंच चाखली नाही, अशा एखाद्या परदेशी पाहुण्यापुढे तिचे नाव शंभर वेळा घेतले, तरी त्याच्या तोंडाला पाणी सुटणार नाही. असे का व्हावे? आंबट पदार्थ जिभेला लागताच लाळ सुटणे हा देहाचा उपजत धर्म आहे. परंतु नावाने लाळ सुटणे आपण जन्मतः बरोबर आणलेले नसते. ते आपण केव्हातरी, नकळत शिकलेले असतो. हे शिकणे कसे घडते, याचा शोध घेण्यात रशियातील एका थोर शास्त्रज्ञाने आपल्या आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे वेचली. त्यांचे नाव इव्हान पेत्रोविच पाव्हलॉव्ह.

पाव्हलॉव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजी मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या रियाझान या गावी झाला. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. घरची स्थिती बेताची, भावंडे अनेक आणि इव्हान सर्वांत थोरला. वडिलांना ग्रंथांची आणि बागकामाची मोठी आवड होती. कोणतेही चांगले पुस्तक एकदा वाचून ठेवून देऊ नये, ते दोनदा वाचावे, असा त्यांचा मुलांना आग्रह असे. बागेतील कामात मुले त्यांच्याबरोबर राबत. अंगमेहनतीचा आनंद आणि वाचनाची शिस्त हे दोन्ही संस्कार इव्हानच्या मनावर तेव्हा झाले, ते जन्मभर टिकले.

इव्हान सुमारे आठ वर्षांचा असताना उंचावरून फरशीवर पडला आणि त्याला जबर दुखापत झाली. प्रकृती इतकी खालावली, की शाळेत जाणेही लांबणीवर पडले. तेव्हा त्याच्या धर्मपित्याने त्याला आपल्या मठात नेले. हा वृद्ध मठाधिपती स्वतः कष्टाळू व साधा होता. त्याने मुलाला मोकळ्या हवेत व्यायाम करावयास लावले, पोहावयास आणि बागेत खणावयास लावले, आणि रात्री जवळ बसवून वाचावयास दिले. हळूहळू इव्हानच्या अंगात शक्ती आली. अकराव्या वर्षी तो शाळेत दाखल झाला. पुढे वडिलांच्या परंपरेप्रमाणे धर्मोपदेशक होण्यासाठी तो रियाझानच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात जाऊ लागला.

तो काळ रशियात मोठ्या वैचारिक जागृतीचा होता. १८६१ मध्ये भूदासांची मुक्तता झाली होती आणि विज्ञानाची नवी पुस्तके तरुणांच्या हाती पडू लागली होती. १८६३ मध्ये इव्हान सेचेनॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचा मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. डोळ्यासमोर अचानक काही आले की पापणी मिटते, विस्तवाला हात लागताच तो मागे येतो. अशा, विचार करण्यापूर्वीच घडणाऱ्या क्रियांना प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. मनुष्याचे मानसिक व्यवहारही अशाच क्रियांच्या साहाय्याने समजून घेता येतील, असे सेचेनॉव्ह यांचे प्रतिपादन होते. या ग्रंथाने तरुण इव्हानला झपाटून टाकले. मनाचा अभ्यासही नेत्रांनी पाहता येईल आणि आकड्यांनी मोजता येईल अशा रीतीने करता येईल, ही कल्पना त्याच्या अंतःकरणात रुजली. ती उगवून वर येण्यास मात्र पुढे तीन दशके जावी लागली.

१८७० मध्ये धर्मविद्यालयाचा अभ्यासक्रम अर्धवट सोडून इव्हान सेंट पीटर्सबर्ग येथील विद्यापीठात आला आणि निसर्गविज्ञानाचे अध्ययन करू लागला. तेथे इल्या त्सिऑन या प्राध्यापकांच्या व्याख्यानांनी व शस्त्रक्रियेतील कौशल्याने तो शरीरक्रियाशास्त्राकडे ओढला गेला. स्वादुपिंडाच्या मज्जातंतूंविषयीच्या संशोधनाबद्दल त्याला सुवर्णपदक मिळाले. १८७५ मध्ये विद्यापीठाची पदवी घेऊन त्याने वैद्यकीचे शिक्षण आरंभले आणि १८७९ मध्ये तेही पूर्ण केले. पाव्हलॉव्ह मूळचे डावखुरे. परंतु सरावाने त्यांनी दोन्ही हात असे तयार केले होते, की शस्त्रक्रिया करताना कोणत्या हाताने ते अधिक सफाईने काम करतात हे पाहणाऱ्यास सांगता येत नसे.

यानंतरची दहा-बारा वर्षे दारिद्र्याची होती. प्रसिद्ध वैद्य सेर्गेई बोटकिन यांच्या रुग्णालयाला जोडलेल्या एका लहानशा लाकडी घरातील प्रयोगशाळा पाव्हलॉव्ह सांभाळत. १८८१ मध्ये सेराफिमा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार थाटण्याइतकाही पैसा जवळ नसल्यामुळे काही काळ पती-पत्नींना वेगवेगळे राहावे लागले, आणि पाव्हलॉव्ह आपल्या धाकट्या भावाच्या बिऱ्हाडी राहिले. त्यांचे पहिले मूल लहानपणीच दगावले. एकदा त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांची ओढग्रस्त पाहून आपसांत वर्गणी जमवली आणि मदत स्वीकारण्यात संकोच वाटू नये म्हणून व्याख्यानांचे मानधन या निमित्ताने ती त्यांना दिली. पाव्हलॉव्ह यांनी ते सर्व पैसे प्रयोगासाठी लागणारे प्राणी विकत घेण्यात खर्च केले, अशी हकीकत सांगतात. घरखर्चाची सारी चिंता सेराफिमाबाईंनी आपल्या शिरावर घेतली. त्यांच्या सोशिकपणावाचून पाव्हलॉव्ह यांचे संशोधन पार पडले असते, असे म्हणता येणार नाही.

१८८४ ते १८८६ ही दोन वर्षे पाव्हलॉव्ह यांनी जर्मनीत नामांकित शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम केले. १८९० मध्ये लष्करी वैद्यकीय अकादमीत ते प्राध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेतील शरीरक्रिया विभाग त्यांच्या स्वाधीन करण्यात आला. आता त्यांना मनाजोगी प्रयोगशाळा लाभली. अन्न पचते कसे, जठरातील व स्वादुपिंडातील पाचक रस केव्हा आणि किती स्रवतात, या प्रश्नांचा त्यांनी कसून अभ्यास चालविला.

त्या काळी प्राण्याला चिरून, तो जिवंत आहे तेवढ्यात घाईघाईने निरीक्षण करण्याची पद्धत होती. पाव्हलॉव्ह यांना ती सदोष वाटली. वेदनेने अर्धमेल्या झालेल्या प्राण्याचे शरीर निरोगी प्राण्यासारखे वागेल कसे? म्हणून त्यांनी माणसांच्या रुग्णालयासारखी स्वच्छ शस्त्रक्रियागृहे उभारली. कुत्र्याला भूल देऊन, त्याच्या शरीरात रस बाहेर काढण्याची बारीक वाट तयार करीत आणि तो पूर्ण बरा होऊन हिंडूफिरू लागल्यावरच निरीक्षणास आरंभ करीत. जठराचा एक लहानसा भाग मज्जातंतू न तोडता वेगळा करून त्याची पिशवी बनविण्याची त्यांची शस्त्रक्रिया फार अवघड होती. तीत यश येण्यापूर्वी अनेक कुत्रे दगावले. पण अखेर ती साधली. १८९७ मध्ये त्यांनी पचनग्रंथींच्या कार्यावरील आपली व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. या कार्याबद्दल १९०४ मध्ये त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळविणारे ते पहिले रशियन होत.

पचनाच्या संशोधनात पाव्हलॉव्ह यांची एक परीक्षाही झाली. स्वादुपिंडाच्या रसाचे नियंत्रण सर्वस्वी मज्जातंतूंकडे असते, असे ते मानीत. या मतावर त्यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम झाले होते. परंतु १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की आतड्यातून रक्तात मिसळणारे एक द्रव्यही स्वादुपिंडाला चालना देते. त्याचे नाव त्यांनी सिक्रेटिन ठेवले. पाव्हलॉव्ह यांनी आपल्या सहकाऱ्याकडून तोच प्रयोग करविला आणि तो स्वतः पाहिला. निष्कर्ष इंग्रज शास्त्रज्ञांच्या बाजूने निघाला. पाव्हलॉव्ह काही न बोलता आपल्या खोलीत निघून गेले. अर्ध्या तासाने ते परत आले आणि प्रतिपक्षाचे म्हणणे खरे असल्याचे त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. सत्य शोधून काढण्याचा मक्ता काही एकट्या आपल्याकडे नाही, असे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा पुरावाही डोळे उघडे ठेवून पाहण्याची ही वृत्ती त्यांच्या पुढील कार्याचा पाया ठरली.

ते पुढील कार्य एका अडचणीतून जन्माला आले. लाळेचा अभ्यास करण्यासाठी कुत्र्याच्या गालातून लाळवाहिनीचे तोंड बाहेर आणलेले असे, आणि पडणारे थेंब मोजून नोंदले जात. अन्न तोंडात पडल्यावर किती लाळ सुटते हे पाहावयाचे. परंतु काही दिवस प्रयोगशाळेत राहिलेल्या कुत्र्यांना अन्न तोंडात पडण्यापूर्वीच लाळ सुटू लागे. अन्नाचे भांडे दिसले, की थेंब पडू लागत. अन्न आणणाऱ्या माणसाला पाहून, इतकेच काय पण त्याच्या पावलांच्या आवाजानेही लाळ सुटे. पचनाचे मोजमाप करणाऱ्यास हा केवळ व्यत्यय होता. दुसऱ्या एखाद्याने तो टाळण्याची युक्ती शोधली असती आणि पूर्वीचेच काम पुढे चालू ठेवले असते. पाव्हलॉव्ह यांनी त्या व्यत्ययालाच अभ्यासाचा विषय केले.

पण या अभ्यासाची दिशा कोणती असावी, यावर प्रयोगशाळेत तीव्र मतभेद झाले. कुत्र्याला अन्नाची आठवण होते, त्याच्या मनात इच्छा उत्पन्न होते, म्हणून लाळ सुटते, असे त्यांचे एक सहकारी स्नार्स्की यांचे म्हणणे होते. आपणही सहज असेच म्हणू. परंतु कुत्र्याच्या मनात काय चालले आहे ते पाहिले कोणी? दोघांनी त्याविषयी दोन वेगळी मते मांडली, तर त्यांतील खरे कोणते हे ठरवावयाचे कशाने? थेंब मात्र डोळ्यांना दिसतात, मोजता येतात आणि कोणालाही पडताळून पाहता येतात. पाव्हलॉव्ह यांनी पुष्कळ विचार केला आणि अखेर निश्चय केला, की जे दिसते व मोजता येते तेवढ्याविषयीच बोलावयाचे. कुत्र्याला वाटले, कुत्र्याने ठरविले, अशी भाषा त्यांनी प्रयोगशाळेतून हद्दपार केली. ती कोणाच्या तोंडून निघाल्यास दंड आकारण्यापर्यंत त्यांनी मजल नेली होती, असे सांगतात.

हा निश्चय करणे सोपे नव्हते. पाव्हलॉव्ह तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, पचनशास्त्रातील सर्वमान्य अधिकारी होते. तो विषय सोडून लाळेच्या थेंबांवरून मनोव्यापाराचे नियम शोधू पाहणे अनेकांना शास्त्रज्ञाला न शोभणारे वाटले. हितचिंतकांनी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पाव्हलॉव्ह आपल्या मार्गावरून ढळले नाहीत. १९०३ मध्ये माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांनी आपले नवे विचार जगापुढे मांडले.

त्यांचा मूळ प्रयोग अगदी साधा होता. मेट्रोनोम नावाचे एक टकटक ठेका देणारे यंत्र असते. ते यंत्र नुसते वाजविले, तर कुत्रा कान टवकारतो, पण त्याला लाळ सुटत नाही. आता यंत्र वाजवावयाचे आणि लगेच कुत्र्याला अन्न द्यावयाचे. असे पुन्हा पुन्हा केले, म्हणजे काही वेळाने केवळ ठेका ऐकूनही लाळेचे थेंब पडू लागतात. अन्नाने लाळ सुटणे ही उपजत प्रतिक्षिप्त क्रिया झाली. ठेक्याने लाळ सुटणे ही अनुभवाच्या अटीवर जडलेली क्रिया होय. हिला अभिसंधित प्रतिक्षिप्त क्रिया असे नाव आहे, आणि ती जडण्याच्या प्रक्रियेस अभिसंधान म्हणतात. पाव्हलॉव्ह म्हटले की लोकांना घंटा आठवते. परंतु त्यांनी ठेका देणारे यंत्र, गुणगुणणारी विद्युत्‌यंत्रे, दिव्याचा प्रकाश, त्वचेला होणारा स्पर्श असे कितीतरी संकेत वापरले. संकेत कोणताही चालतो. तो अन्नाच्या किंचित आधी आला पाहिजे, ही अट महत्त्वाची. अन्न खाऊन झाल्यावर ठेका वाजविला, तर हा संबंध सहसा जडत नाही.

या एका प्रयोगातून नियमांची मालिकाच निघाली. संबंध जडल्यावर ठेका वाजवावयाचा, पण अन्न द्यावयाचे नाही, असे वारंवार केले तर थेंब कमी कमी होत जातात आणि शेवटी थांबतात. याला विलोपन म्हणतात. परंतु कुत्र्याला विश्रांती देऊन दुसऱ्या दिवशी तोच ठेका ऐकविला, की थोडे थेंब पुन्हा पडतात. याचा अर्थ, शिकलेले पुसले गेले नव्हते; ते दबून राहिले होते. दुसरा नियम असा, की एका विशिष्ट सुराला लाळ गाळू लागलेला कुत्रा त्याच्यासारख्या दुसऱ्या सुरालाही लाळ गाळतो. हे सामान्यीकरण होय. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, या आपल्या म्हणीत हाच अनुभव साठविलेला आहे. मात्र एका सुराबरोबर अन्न दिले आणि दुसऱ्याबरोबर कधीच दिले नाही, तर कुत्रा त्या दोहोंतील भेद ओळखू लागतो. याला विभेदन म्हणतात. शाळेतील मधल्या सुटीची घंटा ऐकताच भूक लागल्याचे वाटते, पण पहिल्या तासाची घंटा ऐकून तसे वाटत नाही, हे विभेदनच.

असे बारीक मोजमाप करताना बाहेरून आलेला क्षुल्लक आवाजही घात करी. रस्त्यावरून गाडी गेली किंवा प्रयोग करणारा जरा हलला, तरी कुत्र्याचे लक्ष विचलित होऊन थेंबांची गणती चुके. म्हणून १९१० नंतर पाव्हलॉव्ह यांच्यासाठी एक खास इमारत बांधण्यात आली. तिच्या भिंती जाड होत्या आणि हादरे पोचू नयेत म्हणून भोवती खंदक खणलेला होता. कुत्रा एका खोलीत आणि प्रयोग करणारा दुसऱ्या खोलीत, अशी तेथील व्यवस्था होती. लोक तिला शांततेचा मनोरा म्हणत.

१९१४ मध्ये या प्रयोगशाळेत एक विलक्षण गोष्ट आढळली. पडद्यावर वर्तुळ दिसले की कुत्र्याला अन्न मिळे, लंबवर्तुळ दिसले की मिळत नसे. कुत्रा हा भेद सहज शिकला. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखे करीत नेले. त्याच्या लांबीरुंदीचे प्रमाण ९ : ८ इतके जवळ आले, तेव्हा कुत्र्याला दोहोंतील फरक कळेना. तीन आठवडे प्रयत्न करूनही सुधारणा झाली नाही. उलट पूर्वीचा शांत कुत्रा किंचाळू लागला, धडपडू लागला, उपकरणे चावू लागला. ज्या सोप्या आकृती तो आधी अचूक ओळखत असे, त्याही त्याला ओळखता येईनात. शक्तीबाहेरची कसोटी सतत पुढे ठेवली, तर आधी साधलेलेही बिघडते आणि स्वास्थ्य हरपते, हे यातून दिसले. यापुढे पाव्हलॉव्ह यांचे लक्ष मानसिक आजारांकडेही वळले.

१९१७ मध्ये रशियात राज्यक्रांती झाली आणि पाठोपाठ यादवी युद्ध व दुष्काळ आला. सेंट पीटर्सबर्गचे नाव तेव्हा पेट्रोग्राड झाले होते. शहरात अन्न नव्हते, सरपण नव्हते. नोबेल पारितोषिकाचा पैसा त्या धामधुमीत गेला. पाव्हलॉव्ह यांचा एक तरुण मुलगा १९१९ मध्ये मरण पावला. प्रयोगशाळेतील कुत्री उपासमारीने मेली. सत्तरीच्या वयात पाव्हलॉव्ह संस्थेच्या आवारात स्वतः भाजीपाला पिकवीत, अंगावर ओव्हरकोट घालून थंड खोलीत काम करीत. देश सोडून जाण्याचाही विचार त्यांनी केला. तेव्हा सरकारने त्यांना जास्तीचा शिधा देऊ केला. परंतु सहकारी उपाशी असताना आपण एकट्याने तो घेणार नाही, असे त्यांनी कळविले. २४ जानेवारी १९२१ रोजी लेनिन यांच्या सहीने एक खास हुकूम निघाला आणि पाव्हलॉव्ह व त्यांचे सहकारी यांना संशोधनासाठी आवश्यक त्या सर्व सोयी देण्याचे ठरले.

सरकारचे साहाय्य घेतले, म्हणून पाव्हलॉव्ह यांनी आपले मत गहाण ठेवले नाही. नव्या राजवटीचे जे त्यांना अन्यायाचे वाटे, त्यावर ते उघडपणे टीका करीत. १९२४ मध्ये लष्करी वैद्यकीय अकादमीतून धर्मोपदेशकांच्या मुलांना काढून टाकण्यात आले. तेव्हा आपणही धर्मोपदेशकाचाच मुलगा आहोत, असे सांगून पाव्हलॉव्ह यांनी तेथील प्राध्यापकपद सोडले. धर्मोपदेशकाचा व्यवसाय त्यांनी स्वतः तरुणपणीच सोडला होता. पण वडिलांच्या व्यवसायावरून मुलांची शिक्षणाची वाट बंद व्हावी, हे त्यांना सहन झाले नाही.

त्याच वर्षी, म्हणजे शहराचे नाव लेनिनग्राड झाले त्या साली, सप्टेंबरात नदीला मोठा पूर आला. प्रयोगशाळेतील पिंजऱ्यांत पाणी शिरले. कुत्री पिंजऱ्याच्या छताशी नाक धरून कशीबशी श्वास घेत होती. सेवकांनी पोहत जाऊन एकेका कुत्र्याला पाण्याखालून ओढून बाहेर काढले. कुत्री वाचली, परंतु त्यांतील काही फार बदलली. महिनोन्‌महिने शिकलेले संबंध ती विसरली, आणि ते सावकाश पुन्हा बसवावे लागले. दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली, तरी अशा कुत्र्याचा थरकाप होई. भयंकर प्रसंगाचा घाव किती खोल जातो आणि एखादी लहानशी खूणही तो कसा पुन्हा जागा करते, हे पाव्हलॉव्ह यांनी या आकस्मिक घटनेतून जाणले.

या प्रयोगांत मुक्या प्राण्यांना कष्ट झाले, हे विसरता येणार नाही. ज्ञानासाठी जिवंत प्राण्याचा बळी देताना आपल्याला मनोमन खेद वाटतो, असे पाव्हलॉव्ह यांनीही लिहून ठेवले आहे. १९३५ मध्ये त्यांच्या संस्थेच्या बागेत कुत्र्याचे एक स्मारक उभारण्यात आले. आज अनेक देशांत प्राण्यांवरील प्रयोगांसाठी आधी परवानगी घ्यावी लागते आणि कठोर नियम पाळावे लागतात. त्या काळी असे निर्बंध फारसे नव्हते.

पाव्हलॉव्ह यांच्या शोधाचा उपयोग लवकरच मनुष्यांना होऊ लागला. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या विदुषींनी १९२४ मध्ये एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा सशाला विलक्षण भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात घालून दूर ठेवला जाई, आणि मग दररोज जरा जरा जवळ आणला जाई. घाई केली नाही, बळजबरी केली नाही. अखेर तो मुलगा सशाला निर्भयपणे कुरवाळू लागला. भीती जशी जडते, तशी ती योग्य उपायांनी दूरही करता येते, हे यावरून सिद्ध झाले. कुत्र्याची, उंचीची किंवा बंद जागेची अवास्तव भीती घालविण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आजही याच तत्त्वाचा आधार घेतात.

पाव्हलॉव्ह यांचे सर्वच विचार काळाच्या कसोटीस उतरले, असे नाही. मेंदूत हे संबंध कसे जडतात याविषयी त्यांनी केलेल्या कल्पना पुढील शास्त्रज्ञांनी बदलल्या. दोन गोष्टी केवळ एकापाठोपाठ घडल्याने संबंध जडत नाही. पहिलीवरून दुसरीचा अंदाज खरोखर बांधता आला पाहिजे, असे रॉबर्ट रेस्कोर्ला या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. पाव्हलॉव्ह हयात असते, तर त्यांनी तोही प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करून पाहिला असता. उंदरांतील शिकलेले गुण वंशपरंपरेने पुढे जातात, असे त्यांनी एकदा जाहीर केले होते. परंतु प्रयोगातील दोष लक्षात येताच त्यांनी ते विधान मागे घेतले. तेव्हा त्यांची कीर्ती जगभर पसरली होती आणि वय पंच्याहत्तरीच्या आसपास होते.

पाव्हलॉव्ह यांची दिनचर्या घड्याळासारखी नियमित होती. ठरल्या वेळी प्रयोगशाळेत येणे, ठरल्या वेळी निघणे, यात अंतर पडत नसे. कामात हयगय झाली, तर ते भडकून उठत. पण राग ओसरला की सारे विसरून जात. उन्हाळ्याच्या सुटीत मात्र ते पुस्तकांना हात न लावता बागेत खणीत आणि गोरोदकी हा काठीने लाकडी ठोकळे उडविण्याचा रशियन खेळ तरुणांच्या बरोबरीने खेळत. बालपणी मठाच्या बागेत कमावलेली शरीराची आवड त्यांना वार्धक्यातही साथ देत होती.

१९३५ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञांची जागतिक परिषद लेनिनग्राड आणि मॉस्को येथे भरली. पंच्याऐंशी वर्षांच्या पाव्हलॉव्ह यांनी तिचे अध्यक्षपद भूषविले. देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी त्यांना जगातील शरीरक्रियाशास्त्रज्ञांचे अग्रणी म्हणून गौरविले. जीवनाच्या अखेरीस त्यांनी आपल्या देशातील तरुण विज्ञानोपासकांसाठी एक पत्र लिहिले. ज्ञानाच्या पायऱ्या क्रमाक्रमाने चढा, वरची पायरी गाठण्यासाठी खालची चुकवू नका; आपल्याला सर्व कळते असे कधीही समजू नका; आणि विज्ञानाला आपले सारे आयुष्य द्या, असा त्या पत्राचा आशय होता. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. अखेरच्या आजारापर्यंत त्यांचे काम चालू होते.

मनुष्याचे मन किती गूढ आहे, यावर पूर्वी अनेकांनी चिंतन केले होते. पाव्हलॉव्ह यांनी त्या गूढाच्या एका लहानशा कोपऱ्यात दिवा नेला. त्यांनी लाळेचे थेंब मोजले, मोजलेले पुन्हा मोजले, आणि जे दिसले तेवढेच सांगितले. आपल्या सवयी, आवडीनिवडी आणि भीती यांतील पुष्कळ भाग जन्मजात नसून अनुभवाने जडलेला असतो, हे त्यांच्यामुळे मानवाला कळले. जे शिकून जडते ते पुन्हा शिकून बदलता येते, हा विश्वास हे त्यांच्या परिश्रमांचे आपल्याला मिळालेले फळ होय.